भामाबाईंच्या उशाची कोठी

मित्रांनो, मला डबा म्हणू नका. डबा पोह्यांचा असतो. मी तीन पोती ज्वारी पोटात घेणारी पत्र्याची कोठी आहे. बावीस वर्षांपूर्वी लातुरात सिद्रामप्पा नावाच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. माझे सांधे त्याने असे जोडले की आजही एक दाणा गळत नाही. एका बाजूला पोचा पडला आहे आणि तळाशी थोडा गंज धरला आहे, हे मी नाकारत नाही. वय कुणाला चुकले आहे?

मला विकत आणले ते रामकिशन यांनी. तेव्हा ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. घर दोन खोल्यांचे, म्हणून मला जागा मिळाली आतल्या खोलीत, त्यांच्या पत्नी भामाबाई यांच्या खाटेच्या उशाशी. भामाबाईंनी वीस वर्षे डाळमिलमध्ये डाळ निवडली. तिथल्या धुळीने त्यांना दमा दिला आणि कामाने दाण्याची पारख दिली. दर आठवड्याला त्या माझ्यात कोपरापर्यंत हात घालायच्या. ज्वारी गार लागली की निश्चिंत. कोमट लागली की आत सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, वाढू लागलेत असे त्या ओळखायच्या, आणि दुसऱ्याच दिवशी ज्वारी उन्हात जायची. माझी ती वर्षे फार चांगली गेली. शेजारच्या बायका मुद्दाम येऊन माझी ज्वारी ओंजळीत घेऊन बघायच्या आणि मी उगीचच ताठ उभी राहायची.

पुढे रामकिशन यांना कुणीतरी गोळ्यांचा उपाय सांगितला. दुकानातून आणायच्या, फडक्यात बांधून धान्यात खुपसायच्या, झाकण लावायचे. पाच मिनिटांत काम. जन्मभर गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला असले झटपट काम पसंत पडणारच. मला त्या गोळ्या कधीच आवडल्या नाहीत. सोंडे मरायचे खरे, पण माझ्या झाकणाच्या फटीतून निघणारा वायू सोंडा कोण आणि माणूस कोण हे बघत नाही. भामाबाईंनी नको म्हटले, कुणी ऐकले नाही. तीन वर्षे निभावले. गेल्या वर्षी एका दुपारी खोलीत उग्र वास सुटला आणि भामाबाईंचा श्वास अडकला. चार दिवस त्या दवाखान्यात होत्या. राहत्या घरात ही गोळी पुन्हा आणू नका, असे डॉक्टरांनी रामकिशन यांना बजावले. ते दिवस मी रिकाम्या खाटेकडे बघत काढले. वायू माझ्याच पोटातून निघाला होता, त्यामुळे मला फार वाईट वाटले.

यंदा नवी ज्वारी आली तेव्हा भामाबाई धर्माबादला लेकीकडे होत्या. कोठी भरायचे काम सूनबाईंनी, म्हणजे मनिषाने अंगावर घेतले. ती शाळेत शिकवते आणि अतिशय टापटिपीची आहे. गोळी नको, कडुलिंबाचा पाला घालू, असे तिने ठरवले. विचार सोळा आणे बरोबर होता. पण पालेभाजी धुतल्याशिवाय चुलीवर न चढवणारी ती बाई, तिने पालाही तीन पाण्यांनी धुतला आणि हिरवागार, ओलसर असा ज्वारीवर पसरून झाकण लावले. मी ओरडणार कशी? मला तोंड आहे, पण ते फक्त ज्वारी घेण्यासाठी.

बुद्धपौर्णिमेला भामाबाई परत आल्या. वंदना झाली, खीर झाली, आणि पदर खोचून त्यांनी माझ्यात हात घातला. तो त्यांनी लगेच बाहेर काढला. ज्वारी चांगलीच गरम होती. वरचा थर बुरशीने काळा पडला होता आणि सोंडे त्यांच्या मनगटावर चढले होते.

मनिषाचा चेहरा उतरला. पाला मीच ओला घातला, असे तिने सरळ कबूल केले. रामकिशन मात्र तावातावाने म्हणाले, "वर्षाची ज्वारी अशी जाऊ द्यायची का? मी गोळ्या आणतो. भामा, तू दसऱ्यापर्यंत धर्माबादलाच राहा."

भामाबाई खाटेवर टेकल्या. एक हात त्यांनी माझ्या अंगावर ठेवला.

"घरातून किडे काढायचे हायेत, का मला काढायचंय?" त्या म्हणाल्या.

रामकिशन तसेच उठले आणि गच्चीवर ताडपत्री अंथरू लागले.

पुढचे तीन दिवस घराला उसंत नव्हती. बुरशी धरलेला थर बाजूला काढून खड्ड्यात पुरला. तो कोंबड्यांनासुद्धा घालायचा नाही, असा भामाबाईंचा हुकूम होता. उरलेली ज्वारी वैशाखाच्या उन्हात पातळ पसरली, तसे सोंडे काठाकाठाने पळू लागले. मनिषाने ती दोनदा चाळली. मला घासून, पुसून गच्चीवर उलटे ठेवले. लातूरचे ते ऊन! पत्रा इतका तापला की माझ्या सांध्यात लपलेली अंडीसुद्धा वाचली नसतील. नवा पाला सावलीत वाळत घातला. भामाबाई रोज एक पान चुरून बघायच्या.

"कुडकुड वाजलं पायजे," त्या मनिषाला म्हणाल्या. "ओलं पान म्हंजे किड्याला पावना म्हनून बोलावणं. चुकलीस न्हाई तू पोरी, घाई केलीस."

ज्वारी पूर्ण गार झाल्यावर थराथराने भरली, मधे मधे कुडकुडीत पाला. झाकणाच्या फटीवर जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली. अर्धे पोते वाया गेले, अडीच वाचले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्याकडे लक्ष ठेवा. भरण्याआधी तिला ऊन दाखवा, ओले काही आत जाऊ देऊ नका, आणि आठवड्यातून एकदा हात घालून तिची विचारपूस करा. विषाची गोळी पाच मिनिटांत सुटका करते म्हणतात. ती कुणाची सुटका करेल याचा नेम नसतो.

गेल्या रविवारी दुपारी भामाबाईंचा डोळा लागला होता. रामकिशन चपला बाहेर काढून हळूच आत आले, बाही सारली आणि कोपरापर्यंत हात घालून बराच वेळ उभे राहिले.

"गार हाय," भामाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मी सकाळीच बघितलंय."

"मला बघू दे की," ते म्हणाले.

पट्टी पुन्हा नीट बांधून त्यांनी धर्माबादला लेकीला फोन लावला. तुझी आई आता तिकडे राहायला येणार नाही, तूच लेकरं घेऊन इकडे ये, असे त्यांनी तिला सांगितले.