सपाट पाणी

पाटीवर: आजचा समुद्र. लाटा कमरेएवढ्या. उजवीकडच्या सपाट पाण्यात जाऊ नका.

हे सकाळी ताईने लिहिलं. ताई म्हणजे लाटांवर फळी चालवायला शिकवणारी. शाळा तिच्या भावजींची, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. भावजींनी अंगठा जिभेला लावला आणि शेवटचं वाक्य पुसलं. मग पुन्हा तोच अंगठा चाटून लाटांचं, आणि खडूने नवं लिहिलं.

पाटीवर: आजचा समुद्र. शांत.

"भावजी, फुटलेल्या लाटांचं पाणी तिथूनच परत आत जातं. म्हणून तर तिथे फेस नाही."

"फेस नाही म्हणजे शांत. लग्नाआधी तुझी बहीणही शांतच दिसायची." स्वतःच्याच विनोदावर ते खोकेपर्यंत हसले. पोहण्याची हद्द दाखवणारे झेंडे त्यांनी आधीच उपटून तिथे नेले होते. आपल्या छत्रीसमोर. फोटो छान येतात.

थांबा, आधी टबाचं सांगायला हवं. भाड्याचे रबरी पोशाख रोज एकाच टबात बुचकळले जात. थंडी वाजली की गिऱ्हाइकं त्यातच मुतत. टबातलं पाणी पिवळं, वर भावजींनी ओतलेलं गुलाबाचं अत्तर. ताई नाक दाबूनच पोशाख काढायची. आता पाटी वाचतानाही तिचा हात नाकाकडे गेला.

"नवी जाहिरात करायचीय," भावजी म्हणाले. "तुझी बहीण बसेल फळीवर. बघ, बायकोलाच पाठवतोय. आता तरी विश्वास ठेव!"

बहीण नाक मुरडत पोशाखात शिरली, सपाट पाण्यात फळीवर आडवी झाली, हसली.

हसत हसतच लहान होत गेली.

भावजी फोटो काढत होते.

ताई धावली. फळी पोटाखाली घेऊन त्याच ओढीत शिरली. बहीण किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होती आणि मागे मागे जात होती.

"फळी सोडू नकोस!" ताई ओरडली. "सरळ नको, आडवी! त्या फेसाकडे चल!"

"फेसाकडे? वेडी झालीस?"

"चल म्हणते ना!"

फेसाने दोघींना उचललं, आपटलं, वाळूवर आणून टाकलं.

बहीण छत्रीखालच्या चटईवर ओकली.

"अगं, चटई!" भावजी ओरडले. मग हळूच, "एवढं काय, जरा लांब गेलीस. तोंड पूस, एक फोटो राहिलाय." मागे नवे शिकाऊ टबातून पोशाख निथळून काढत होते. त्यातल्या एकीने पाटी वाचली, बरं वाटून मान हलवली.

बहीण उठली. ओल्या बाहीने तिने 'शांत' घासून काढलं. बाहीतलं पिवळट पाणी पाटीवरून ओघळलं. गुलाबाचा वास सुटला.

"लिही," ती ताईला म्हणाली. "ह्यांचा अंगठा लागला तर मी बघते."

ओल्या पाटीवर खडू उठेना. ताईने श्वास रोखून आणखी दाबला.