नळीचा घसा

"आत बघ आणि मला खरं काय ते सांग," असं म्हणून लायल डनिगननं रायफल बाकावर ठेवली. "तीनशे यार्डांवर बशीत बसायच्या गोळ्या. आता परातीत मावत नाहीत."

एर्लिंग त्वेटनं हात पुसले. रायफल कोणी बनवलीय हे कळायला त्याला नाव वाचायची गरज नव्हती. लाकडाची ती निमुळती मूठ, बोल्टवरचं ते मऊ पॉलिश. पेट्रिचचंच काम.

लायल दर शरद ऋतूत बाहेरगावच्या शिकाऱ्यांना घेऊन डोंगरात जायचा. ऑगस्टा गावाच्या पंचक्रोशीत त्याच्या शब्दावर बंदूक बनवणाऱ्यांची दुकानं चालत आणि बसत. वीस वर्षं त्याच्या सगळ्या रायफली एर्लिंगनंच बनवल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मात्र लायलला एकदम दरीपल्याडचा एल्क, म्हणजे थोराड हरीण, पाडायची हौस आली. तीस बोअरचं सगळ्यांत मोठं मॅग्नम काडतूस हवं म्हणाला.

"लायल, भोक तेवढंच आणि दारू जवळजवळ दुप्पट," एर्लिंग तेव्हा म्हणाला होता. "हजार गोळ्या व्हायच्या आत नळीचा घसा, काडतुसाच्या तोंडापुढचा भाग, जळेल. साधं थर्टी-ओ-सिक्स काडतूस घे. तुझ्या नातवापर्यंत टिकेल."

"मला नातू नाही," असं म्हणून लायल हसत बाहेर पडला तो थेट ड्वेन पेट्रिचकडे. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले.

एर्लिंग आणि ड्वेननं ग्रेट फॉल्सला एकाच म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती. म्हातारा एर्लिंगच्या कामावरून बोट फिरवून "चांगलंय" म्हणायचा. ड्वेनचं काम मात्र नुसतं हातात धरून उभा राहायचा, काही न बोलता. ते न बोलणं एर्लिंगला तीस वर्षं सलत होतं. पेट्रिचच्या दुकानावरून जाताना तो बाहेर उभे असलेले पिकअप मोजायचा. गुरुवारी पाच दिसले की त्या रात्री जेवण जायचं नाही.

त्यानं बारीक कॅमेरा नळीत सरकवला. पडद्यावर घसा आला. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारखा, भेगाच भेगा. गोळीला फिरकी देणारे पुढचे बोटभर पीळ तर गायबच होते.

"किती गोळ्या झाल्या?"

"साडेनऊशे. थोड्या इकडेतिकडे."

एर्लिंगला मनातून बरं वाटलं. आपण सांगितलं होतं, अगदी तसंच झालं होतं. आता पेट्रिचची चूकही दिसावी म्हणून त्यानं काडतुसाचं घर तपासायला घेतलं. नळी लेथवर धरून डायलचा काटा आत टेकवला आणि हातानं हळूहळू फिरवली; घर तिरकं असेल तर काटा डुलतो. काटा हलला नाही. पुन्हा फिरवली. काटा जागचा हलेना. भिंतीवर रीमरचा, घर कापायच्या हत्याराचा, एक ओरखडा नव्हता. इतकं सरळ घर त्यानं स्वतः आयुष्यात कापलं नव्हतं, आणि हे जगात फक्त त्यालाच कळण्यासारखं होतं.

"गेल्या मोसमात माझ्या गिऱ्हाइकानं याच रायफलीनं एक नर जखमी केला," लायल खिडकीबाहेर बघत म्हणाला. "दोन दिवस बर्फात रक्ताच्या मागावर होतो. सापडला नाही. झोप लागत नाही रे मला. ड्वेनकडे अजून चार रायफली टाकल्यात. काम त्याचं वाईट असेल तर त्या मी उचलून तुझ्याकडे आणतो. बोल, दोष काडतुसाचा की त्याच्या हाताचा?"

लेथ थांबला होता. काटा शून्यावर होता.

"घर तिरकं कापलंय," एर्लिंग म्हणाला. "गोळी वाकडीच शिरते आत. म्हणून घसा गेला."

"मेला पेट्रिच!" लायल पुटपुटला.

त्या संध्याकाळी एर्लिंगनं दोनदा बटाटे वाढून घेतले. आर्डिसनं, त्याच्या बायकोनं, हातातला काटा-चमचा खाली ठेवला.

"काय झालंय तुला? शीळ काय घालतोयस?"

"लायल परत आला माझ्याकडे."

"असा अचानक?"

"ड्वेनचं काम बिघडलंय."

"ड्वेनचं?" आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. "तूच ना म्हणायचास, त्याच्या हाताला देवानं पाणसळ लावलीय म्हणून? चिडून म्हणायचास, पण म्हणायचास."

"माणूस म्हातारा होतो, आर्डिस."

"होतो खरा," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

आठवड्याभरात लायलच्या चार रायफली आल्या. पाठोपाठ आणखी दोघांच्या. धान्याच्या कोठाराशी, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे पेट्रिचच्या तिरक्या घराची चर्चा. एर्लिंग त्यात एक शब्द बोलायचा नाही. फक्त खांदे उडवायचा, आणि ते बोलण्याहून जास्त लागायचं.

मग एका सकाळी पेट्रिच स्वतःच आला. एर्लिंगनं रागाची तयारी ठेवली होती. पेट्रिचनं मात्र टोपी काढली आणि बाकाशेजारच्या स्टुलावर बसला. खूप बारीक झाला होता.

"भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "लायलची ती नळी मी ज्या हिवाळ्यात कापली ना, तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. कोणाला सांगितलं नाही. ऑपरेशन पुढच्या वर्षी केलं. मला सारखं वाटायचं, काटा मला दिसतोय तिथेच आहे ना? दहा-दहा वेळा मोजायचो. एखादं तरी चुकलं असणार ही भीती होतीच. आता कळलं कोणतं."

एर्लिंगनं हातातला स्क्रू खाली ठेवला. "तुला बघायचीय का नळी?"

"तू बघितलीस ना? मग झालं." पेट्रिच हसला. "म्हातारा म्हणायचा, ड्वेनचे हात आणि एर्लिंगचा डोळा एका माणसाला मिळाले असते तर बरं झालं असतं."

"कधी म्हणाला?"

"नेहमीच म्हणायचा. तुझ्यासमोर नाही, माझ्यासमोर. मी फार जळायचो तुझ्यावर, खरं सांगतो."

त्यानं कोटातून एक लाकडी पेटी काढली. आत तेलकट कापडात गुंडाळलेले त्याचे रीमर होते, धार जपून ठेवलेले.

"लायलच्या चार रायफलींना हेच लागतील. ठेव. मी यापुढे घर कापणार नाही. त्या हिवाळ्यात अजून सतरा केली होती. त्यातली किती बिघडलीत देव जाणे. कुठेतरी आणखी एखादं जनावर पाय ओढत मरत असेल माझ्यामुळे."

तो गेला. एर्लिंग पेटीसमोर बसून राहिला. आयुष्यभर ज्याच्यावर डोळा होता ते सगळं आता बाकावर होतं: लायल, रायफली, रीमरसुद्धा. बारा वाजता आर्डिस सूप घेऊन आली आणि तसंच परत घेऊन गेली.

दुपारी त्यानं लायलच्या पाचही रायफली पिकअपमध्ये घातल्या आणि आधी लायलच्या रँचवर गेला. लायल कुंपणाच्या तारा ताणत होता.

"घर तिरकं नाहीये," एर्लिंग म्हणाला. "मी खोटं बोललो. काम चोख आहे, माझ्यापेक्षा चोख. नळी तुझ्या काडतुसानं जाळली. दुसरी बसवलीस तरी हजाराच्या आतच जाईल. हौस असेल तर दर तीन वर्षांनी बदल, पण त्याच्याकडूनच बदलून घे."

लायलनं पक्कड खाली ठेवली. "का केलंस रे?"

"का ते तुला माहीत आहे."

लायलनं एकेक करून पाचही रायफली स्वतःच्या गाडीत ठेवल्या. शेवटची ठेवताना म्हणाला, "वीस वर्षं तू जे सांगितलंस ते मी मान डोलावून ऐकलं, एर्लिंग. आता त्यातलं कुठलं खरं धरू?"

पेट्रिचच्या दुकानात दिवा होता. पेट्रिच लेथ पुसून तेल लावत होता, विकायला काढल्यासारखा. एर्लिंगनं पेटी बाकावर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. काटा किती वेळा फिरवला, तो कसा हलला नाही, आणि मग आपण काय बोललो.

"एकदाही हलला नाही?" पेट्रिचनं विचारलं.

"एकदाही नाही."

पेट्रिचनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. एर्लिंगला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पेट्रिचनं कोपऱ्यातला एक नळीचा कोरा तुकडा उचलला, लेथला लावला, पेटीतला एक रीमर निवडला आणि मशीन सुरू केलं. डाव्या हातानं तेल सोडत उजव्या हातानं तो रीमर आत देऊ लागला. धातूची बारीक सालं गुंडाळत खाली पडत होती, सगळी सारख्या जाडीची. त्यानं वर पाहिलं नाही. एर्लिंग, घर पूर्ण कापून होईपर्यंत, उभा राहिला. मशीन थांबलं. पेट्रिचनं काटा टेकवला, फिरवला, वाकून बघितला. काटा हलत नव्हता; तरी तो बघतच होता.

"जाताना दार लाव," तो म्हणाला, तसाच वाकलेला.

बाहेर भुरभुर बर्फ सुरू झालं होतं. दमटपणानं दार फुगलं होतं, ओढलं की धाडकन लागलं असतं. आत पुन्हा मशीन सुरू झालं. एर्लिंगनं दोन्ही हातांनी दार किंचित उचललं आणि आतल्याचा हात हलू नये इतकं हळू ते चौकटीत बसवलं.