उजवीकडची गिटार

"कडंनं धरा, कडंनं! पोटाला बोट लावू नगा तिच्या!"

मित्रांनो, हा आवाज पार्वतीबाईंचा. दौंडच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी पहिल्यांदा आले, त्या दिवशीचा. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी कोणी मला हातात घेतलं की आधी तोच कानाशी येतो.

मी एक जुनी सीडी आहे. चहाच्या बशीएवढी, मधोमध भोक असलेली, अंगावर बारीक ओरखडे मिरवणारी. दुकानातले लोक मला व्हीसीडी म्हणायचे. पार्वतीबाई मात्र 'धम्माची चकती' म्हणतात, आणि मला तेच नाव गोड लागतं.

वितळलेल्या प्लास्टिकचा एक घास साच्यात पडला, वरून दाब बसला आणि मी जन्मले. माझ्या पोटात २००२ सालची एक संध्याकाळ भरलेली होती. पुण्यातल्या एका कॉलेजचं मैदान, समोर उड्या मारणारी हजारभर पोरं, मध्ये गायक, मागे ड्रम आणि स्टेजच्या उजव्या कडेला मान खाली घालून गिटार वाजवणारा धम्मदीप. पार्वतीबाईंचा थोरला मुलगा. तो उजवीकडे उभा, म्हणून मला घडवणाऱ्यांनी त्याची गिटारही उजव्या बाजूच्या आवाजात घातली. गाणं आणि ड्रम दोन्हीकडे, गिटार मात्र एकट्या उजवीकडे. एवढं लक्षात ठेवा.

धम्मदीपचे वडील म्हाळू रेल्वेच्या लोको शेडमध्ये नोकरीला होते. अंगाला डिझेलचा वास आणि गळ्यात सूर. चौदा एप्रिल आला की त्यांची गायन पार्टी दौंडपासून कासुर्डीपर्यंत गावोगाव भीमगीतं गायची. धम्मदीपच्या बोटांत ताल भरला तो त्यांनीच, तेलाच्या रिकाम्या डब्यावर. पुढे लेक पुण्याला गिटार घेऊन गेला, तेव्हा पार्टीतली माणसं कुरकुरली, पण म्हाळूंनी अडवलं नाही. "कायबी वाजीव," एवढंच म्हणाले, "पर जे वाजिवशील ते खरं वाजीव."

माझ्या आधी या घरात एका सिनेमाची सीडी आलेली होती. आम्ही दोघी एकाच पाकिटात राहायचो, त्यामुळे तिची हकीकत मला तिच्याच तोंडून कळली. त्या सिनेमात कॉलेजच्या गॅदरिंगचं गाणं होतं आणि हिरोच्या मागे गिटार घेऊन आपला धम्मदीप! भाड्यानं आणलेल्या प्लेअरभोवती अख्खी आळी गोळा झाली होती. शेजारच्या गीताबाईंनी तर टीव्हीवरच्या धम्मदीपवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. गाणं संपल्यावर म्हाळूंनी विचारलं, "तूच वाजिवलंय न्हवं?"

धम्मदीप खोटं बोलणारा नव्हता. "न्हाई आबा. वाजवणारा दुसराच असतो, स्टुडिओत. आम्ही नुसतं बोटं हलवत उभं राहायचं."

"म्हंजी पोळ्याचा मातीचा बैल का काय रं?" पार्टीतले रखमाजी खो-खो हसले. सगळे हसले. म्हाळू हसले नाहीत.

म्हणून तर धम्मदीपनं मला आणलं. पाकीट वडिलांच्या हातात देत म्हणाला, "आबा, ह्यात मीच वाजवलंय. खरोखर." आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेला.

दुसऱ्या दिवशी नवा प्लेअर टीव्हीला जोडायला दुकानाचा माणूस आला. प्लेअरला तीन वायरी. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. टीव्हीला मागे भोकं मात्र दोनच. पिवळी आणि पांढरी खोचून तो गेला. लाल तशीच लोंबत राहिली. पार्वतीबाईंना वाटलं, लाल म्हणजे करंटाची. कुणाचा हात लागू नये म्हणून त्यांनी तिला गाठ मारली, वर चिंधी बांधली आणि टीव्हीमागे ढकलून दिली.

झालं! मी फिरू लागले. गायक गात होता, ड्रम धडधडत होते, धम्मदीपची बोटं तारांवरून पाखरांसारखी पळत होती, आणि गिटारीचा एक सूरही घरात उतरत नव्हता.

पार्वतीबाईंना काहीच कळलं नाही. एवढा दणदणाट चाललाय, त्यातलं काहीतरी आपल्या लेकाचं असणारच. म्हाळूंचा कान मात्र मुरलेला. गायक थांबायचा, धम्मदीप पुढे यायचा, पोरं बेभान व्हायची आणि त्या जागी म्हाळूंना नुसता ड्रम ऐकू यायचा. ते टीव्हीच्या जवळ सरकले. आणखी जवळ. मग मागे झाले आणि भिंतीला टेकून बसले.

"कसं वाटलं वो?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"बरं हाय."

मला ओरडून सांगावंसं वाटे, त्या चिंधीत बघा! पण आमच्या जातीला स्वतःचा असा आवाज नसतो. पोटात असेल तेच बोलायचं, आणि तेही कोणी वाट करून दिली तर.

दर आठवड्याला शेजारच्या फोनवर धम्मदीप विचारायचा, "आबांनी चकती बघितली का गं?"

"दर आयतवारी लावत्यात."

"मग काय म्हणले?"

"काय म्हणणार? बघत्यात गप."

पलीकडे तो फोन ठेवून द्यायचा. चार वर्षं हे असंच चाललं. दरम्यान तो आणखी दोन सिनेमांत दिसला. लोक त्याला ओळखू लागले. पण दौंडला येणं कमी झालं, आणि आला तरी बापलेक पावसापाण्याचं बोलत.

मग शिरूरला त्यांच्या मुलीच्या, राजश्रीच्या बाळाचा नामकरण विधी ठरला. पार्वतीबाईंनी मला लुगड्याच्या घडीत ठेवलेलं म्हाळूंनी पाहिलं.

"तिला कशाला घेतीस? ऱ्हाऊ दे घरी."

"का? पाव्हण्यांना दाखवायला नगं व्हय?"

"त्यांच्यात जाणती माणसं असत्यात," म्हाळू पुटपुटले. पण पार्वतीबाईंनी ऐकलं नाही. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं एसटीत मी हिंदकळत गेले, आणि म्हाळू खिडकीबाहेर बघत राहिले.

बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं, जेवणं उरकली. धम्मदीपही आला होता. राजश्रीचा नवरा सतीश कारखान्यात वायरमन. त्यानं हौसेनं घरात स्पीकरचे दोन मोठे डबे बसवलेले. त्यानं मला लावलं. म्हाळू उठून अंगणात निघाले, पण दारात चपलांचा ढीग आणि उजवा डबा दाराशीच. ते पायानं चप्पल शोधत होते, तेवढ्यात गायक थांबला.

आणि गिटार बोलली.

म्हाळूंचा पाय तसाच राहिला. ते हळूच खाली बसले, कान डब्याला लावला.

"कोण वाजिवतंय ह्ये?"

"मीच की, आबा," धम्मदीप म्हणाला. "त्याच चकतीत आहे. तुम्ही दर आयतवारी ऐकता तेच."

सतीशला शंका आली. "मामा, तुमच्या टीव्हीला लाल वायर लावलीय का?"

"लाल?" पार्वतीबाई दचकल्या. "ती तर मी बांधून ठिवलीया! करंटाची न्हाई व्हय ती?"

"अगं आई!" राजश्रीनं कपाळाला हात लावला. सगळं घर हसलं. म्हाळू सोडून.

मित्रांनो, आता मला फारसं कोणी लावत नाही. नवी यंत्रं आली. मी राजश्रीच्या कपाटात पाकिटात असते. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसा, गोल घासू नका. आणि एखाद्याचे हात हलताना दिसले पण आवाज आला नाही, तर त्याला खोटा ठरवण्याआधी एकदा विचारा. तेवढं एक विचारलं असतं, तर माझ्या घरची चार वर्षं वाचली असती.

पण त्या दुपारी म्हाळू काय बोलले, ते सांगायचं राहिलंच. मी थांबले, डबे गप झाले. त्यांनी धम्मदीपचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्या बोटांवरचे घट्टे चाचपत राहिले.

"धम्मा, मला तुजी बोटं दिसायची, सूर येत नव्हता. मी म्हणलं, पोरगं ह्यात बी नुसतंच हुबं हाय. तुझ्या आईला कळाय नगं म्हणून कुणापाशी बोललो न्हाई. तुला तर कसं इचारू?" त्यांनी ती बोटं आपल्या मुठीत धरली. "तरी बी दर आयतवारी लावायचो रं. वाटायचं, आज तरी ऐकू यील."