चंपाचे वजन

यशवंतपूरच्या त्या शेडमध्ये चाचणीच्या दोन पुतळ्यांना नावे होती. शंभर किलोंचा पैलवान आणि पन्नास किलोंची चंपा. बारसे पुतळे बसवणाऱ्या देवाप्पाने केले होते. हेलिकॉप्टरच्या आसनात बसवून त्यांना उंचावरून आदळायचे आणि त्यांच्या कण्याने किती मार खाल्ला तो आकडा वाचायचा, हे तिथले काम.

पैलवान तीनदा आदळला आणि तिन्ही वेळा बचावला. चंपाचा आकडा मात्र दोन्ही वेळा जिवंत माणसाचा कणा मोडेल इतका चढला. आज तिची शेवटची खेप होती. ती फसली तर अभियंता ईशानने दोन वर्षे उराशी धरलेली यंत्रणा रद्द होणार होती आणि सगळ्यांच्या वाट्याला एकाच, जड माणसाच्या मापाचे आसन येणार होते.

त्याची कल्पना साधी होती. आदळताना आसन खाली सरकते, सरकताना आपल्या पायांतल्या पोलादी पट्ट्या वाकवते, आणि कण्याचा मार त्या पट्ट्या खातात. पण पैलवानाला लागणाऱ्या चार पट्ट्या चंपाच्या भाराने वाकतच नाहीत. तिच्यासाठी ते आसन म्हणजे दगड. म्हणून वजन आसनानेच ओळखावे, खटका तेवढाच पुढे सरकावा आणि हव्या तितक्याच पट्ट्या जोडल्या जाव्यात. चंपासाठी दोन. उडतानाच्या थरथरीने खटका मागे येऊ नये, म्हणून माणूस उठेपर्यंत तो पुढेच अडकून राहील अशी सोय ईशानने केली होती. या सोयीचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता.

एरवी तो काचेआड, संगणकापाशी बसे. माणसांच्या घोळक्यापेक्षा आलेखांची सोबत त्याला मानवत असे. आज खटक्यासमोर कॅमेरा लावायचा म्हणून आसनाचे झाकण काढले होते आणि तो तिथेच उकिडवा बसला होता.

देवाप्पाने चंपाला क्रेनवरून अलगद उतरवले. खटका एकदा वाजला, पुन्हा वाजला, थांबला. दोन पट्ट्या. ईशानने श्वास सोडला. मग पट्टा आवळण्याआधी देवाप्पाने चंपाच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार देऊन तिला खाली रेटले.

टक्. टक्.

चार.

"अण्णा, हे काय केलंत?"

"बसवली की नीट." देवाप्पा निपाणीचा, वीस वर्षे इथे काढूनही त्याची बोली तीच होती. "न्हाईतर पट्टा ढिल्ला पडतोय. दर टायमाला असंच करतोय, साहेब. पैलवानाला तर गुडघा लावावा लागतोय."

ईशानने आधीच्या खेपा आठवल्या. पैलवानाचा खटका आधीच चौथ्यावर असे. त्याला रेटले काय, न रेटले काय. चंपा मात्र दोन्ही वेळा पैलवानाच्या पट्ट्यांवर आदळली होती. आदळल्यावर खटक्याचा चुराडा होई, म्हणून कुणाला मागमूसही लागला नव्हता.

"तिला उचला. परत बसवा, पण दाबू नका."

"आन् ढिल्लं ऱ्हायलं तर मोठ्या सायबास्नी कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"सरी, तसं करू. पावणी तुमची."

या वेळी खटका दोनावर थांबला. पट्टा बसला. आसन हळूहळू मनोऱ्यावर चढले.

ईशान काचेआड परतला. तिथे विभागप्रमुख भीमाचार्य माइकपाशी उभे होते. ते विजापूरचे, ईशानशी मराठीतच बोलत. "एवढा घाम कशाला? आज निभावलं, की संध्याकाळी अहवाल जातो. दहा. नऊ."

निभावणार होते. ईशानला त्याची खात्री होती, आणि तीच खात्री आता त्याला खुपू लागली. उद्या घाईने चढलेल्या एखाद्या सडपातळ वैमानिक मुलीचा पट्टा तिचा सोबती आवळून देईल. आवळताना तिचा खांदा दाबेल, मायेनेच दाबेल. खटका दोनदा वाजेल आणि पात्यांच्या घरघरीत तो आवाज कुणालाही ऐकू येणार नाही. दाबू नका, असे सांगायला तिथे कोण असेल?

"सहा. पाच."

हे थांबवायला हवे होते. पण चारचौघांत आवाज चढवणे त्याला कधी जमलेच नव्हते.

"चार. तीन."

त्याने हात लांबवून चाचणी थांबवणारे लाल बटण दाबले.

वर, मनोऱ्याच्या हुकाला टांगलेली चंपा हलकेच हिंदकळत राहिली.

"वेड लागलंय का तुला?"

"सर, आज ती वाचेल. पण फक्त आजच." अडखळत, मान खाली घालून त्याने सगळे सांगितले.

"म्हणजे देवाप्पाची चूक."

नुसती मान हलवली असती तरी तो सुटला असता.

"नाही. अण्णा माणसाला बसवावं तसं बसवत होते. चूक माझ्या खटक्याची आहे. रेटा गेला की तो मागे यायला हवा, पण थरथरीनं यायला नको. हे कसं जमवायचं, मला ठाऊक नाही."

"सोमवारी वरचे लोक एकाच मापाचं आसन मंजूर करतील. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

भीमाचार्यांनी माइक बंद केला. "दोन वर्षांत एकदा जरी या काचेबाहेर उभा राहिला असतास, तर दोन आसनं वाचली असती." त्यांनी फोन उचलला. "आठ दिवस मागतो. मिळतीलच असं धरून चालू नकोस."

ईशान बाहेर आला. चंपा खाली उतरली होती.

"माझ्यामुळं थांबलं काय ओ, साहेब?" देवाप्पाने विचारले.

"नाही, अण्णा. तिला बसवताना तुम्ही आणखी काय काय करता, ते सगळं मला दाखवा."

"सगळं?" देवाप्पाने हातमोजे काढून खिशात कोंबले. "मग खाली बसा. स्वल्प वेळ लागंल."

ईशानने तिथेच, सिमेंटच्या थंड जमिनीवर बसकण मारली.