बोटांच्या मापाचा माऊस

मी माऊस बोलतोय. दचकू नका, धान्याच्या कणगीतला नव्हे, लॅपटॉपशेजारी बसणारा. मला शेपूटसुद्धा नाही. मुठीत मावणारा, राखाडी रंगाचा, बिनवायरचा. पोटात एक पेन्सिल सेल आणि नखाएवढा एक रिसिव्हर. तो रिसिव्हर लॅपटॉपच्या कडेला खोचला की मी चालायला लागतो. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात, तसा माझा त्याच्यात.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, एका तोंडवळ्याची हजारो भावंडं सोबत होती, एवढंच सांगता येईल. डोळे उघडले ते धाराशिवात, एसटी स्टँडजवळच्या उमाशंकरच्या दुकानात, खिळ्याला टांगलेल्या अवस्थेत. दहा महिने तिथं लटकलो. शेजारी एक धिप्पाड गेमिंग माऊस होता. अंगावर सात बटणं, पोटात लाल-निळे दिवे. येईल ते गिऱ्हाईक आधी त्याला हात लावायचं. मला कुणी उचललंच, तर "हे काय लेकराचं खेळणं?" म्हणून परत खिळ्याला अडकवायचं. माणसं माऊस घेताना दिवे बघतात, रंग बघतात, डबा बघतात. स्वतःचा हात मात्र कुणी बघत नाही.

एका शनिवारी सोनारीहून दोघं बाप-लेक आले. बाप आण्णासाहेब, पांढऱ्या मिशांचे शेतकरी. लेक दीपमाला, चोवीस वर्षांची. ती घरी बसून लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करायची. लॅपटॉपच्या सपाट पट्टीवर बोट घासत फोटोतला एकेक माणूस कातरून काढायला तिला अर्धा दिवस लागायचा. परंड्याच्या छापखान्याचे मालक शांतलिंग तिला म्हणाले होते, "काम तुझं झ्याक हाय, पण लई वेळ लावतीस. पुढच्या महिन्यात यात्रेचा फ्लेक्स देतो. सकाळी देणार, पाचच्या आत पायजे. जमलं तर कायमचं काम तुझं." म्हणून ही माऊसची खरेदी.

"सगळ्यात भारी दाखवा," आण्णासाहेब म्हणाले. "मागंपुढं बघू नका."

उमाशंकरनं दिव्यांचा धिप्पाड पुढं केला. दीपमालानं तो डाव्या हातात धरला. त्याची पाठ उजव्या तळव्यासाठी घडवलेली. डाव्या हातात तो उलट्या पायात घातलेल्या चपलेसारखा दिसायला लागला.

"ताई, उजव्या हातात धरा की," उमाशंकर सहज बोलून गेला.

आण्णासाहेब एकदम रस्त्याकडं बघायला लागले. दीपमालानं ओढणी बाजूला सारून उजवा हात सरळ काउंटरवर ठेवला. अंगठा, अनामिका आणि करंगळी. मधली दोन बोटं नव्हतीच.

"कडबाकुट्टीच्या मशीनमधी गेली. अकरा वर्षांची होते. आता सांगा भाऊ, कुठला बसंल?"

उमाशंकर हळहळला नाही, की चुकचुकला नाही. शिंप्यानं माप घ्यावं तसा तो हात त्यानं नीट पाहिला आणि मला खिळ्यावरून काढलं.

"ह्याला डावं-उजवं न्हाय, ताई. दोन्हीकडनं सारखाच. आन् बुटका हाय, बोटं पुरतील."

काउंटरच्या काचेवर मी चालत नाही, म्हणून त्यानं खाली वर्तमानपत्र पसरलं. दहा महिन्यांनी मोकळं रान! मी असा पळालो की दीपमाला हसलीच.

"एवढुसा?" आण्णांची समजूत पटेना. "दिव्याचा घे की बाई."

"दिवे काय करायचेत, आण्णा? घरी लाईट हाय."

आणि मी तिच्या पिशवीतून एसटीनं सोनारीला आलो.

आधी डाव्या हाताशी माझी गट्टी जमली. अपघातानंतर त्याच हातानं ती लिहायला शिकली होती. हात गुणी, पण घाबरट. एकदा एका नवरदेवाच्या अर्ध्या मिशा उडाल्या. मग एका दुपारी डाव्या हातात चहाची कपबशी असताना तिनं नकळत उजवा हात माझ्यावर टेकवला. अंगठा एका कुशीला, तळवा पाठीवर. अनामिका एका बटणावर पोचली, करंगळी दुसऱ्यावर. मी वीतभर असतो तर पोचली नसती. हात हळूच सरकला आणि पडद्यावरच्या एका बाईच्या केसांभोवती रेघ सरसर फिरत गेली. लहानपणी तो रांगोळी काढणारा हात होता, हे मला मागाहून कळलं. चहा तसाच गार झाला. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आम्ही दोघं रोज सराव करायला लागलो.

घरातल्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट समजली. त्या दिवशी कडबाकुट्टीचं बटण आण्णांनी दाबलं होतं. तेव्हापासून चहा असो, भाकरी असो, आण्णा लेकीच्या डाव्या बाजूलाच ठेवायचे आणि दुसरीकडं बघायचे. तेरा वर्षं त्यांनी तो हात नीट पाहिलेला नव्हता.

यात्रेचं काम आलं. कुस्त्यांचा फ्लेक्स आणि त्यावर चौदा पैलवान! कुणाचे केस कुरळे, कुणाचे कान मुडपलेले. दीपमालानं ओसरीवर बैठक मांडली. तीन वाजेपर्यंत नऊ पैलवान मोकळे केले आणि पाणी प्यायला ती आत गेली.

तेवढ्यात अंगणातल्या कडुलिंबावरून एक वानर खाली उतरलं. आमच्या सोनारीत वानरं काळभैरवाची. त्यांना कुणी दगड मारत नाही, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यानं लॅपटॉपकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मला उचललं, पाठीला कडकडून चावून पाहिलं आणि लिंबाच्या शेंड्यावर नेलं. माझा जीव खाली लॅपटॉपला खोचलेला, आणि धड वर!

"आण्णा! माऊस नेला वो!" दीपमाला दारातून ओरडली.

आण्णा गोठ्यातून धावत आले. ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन झाडाखाली उभे राहिले.

"ये बाबा, ये. देवाचा हायस, देवासारखा वाग. माझ्या लेकीचा हात हाय त्यो. दे."

वानरानं बराच विचार केला. मग शेंगांवर झेपावताना त्यानं मला सोडलं, ते थेट शेणाच्या पाटीत. एरवी मी ह्या प्रसंगाचा उल्लेख टाळतो. पण शेण मऊ होतं, म्हणून वाचलो.

आण्णांनी मला पंच्यानं पुसपुसून आणलं आणि सवयीनं तिच्या डाव्या बाजूला ठेवायला गेले.

"तिकडं नको, आण्णा," दीपमाला म्हणाली. "उजव्यानं चालवते मी."

आण्णा थबकले. मग खाली बसून त्यांनी मला तिच्या उजव्या हाताखाली सरकवलं. आणि तिथून उठलेच नाहीत. ती तीन बोटं दहाव्या पैलवानाच्या दंडावरून, मानेवरून, मुडपलेल्या कानावरून फिरत होती, आणि आण्णा हाताकडंच बघत होते.

"दुखतं का गं?"

"न्हाय, आण्णा. कवाच राहिलंय दुखायचं."

आण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी पंचा तोंडाकडं नेला, तशी दीपमाला ओरडली, "आण्णा, त्याला शेण हाय!" मग दोघंही असे हसले की अकरावा पैलवान थोडा वाकडाच कापला गेला, तो पुन्हा करावा लागला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फ्लेक्स परंड्याला गेला. शांतलिंगांचा फोन आला. "कानसुद्धा बरोबर आलेत की गं! उद्यापासून काम धाडतो."

ह्याला दोन वर्षं झाली. पाठीवर दातांचे व्रण आहेत, कुशीचा रंग उडालाय, पण एकही क्लिक वाया जात नाही. तुम्ही कधी माऊस घ्यायला गेलात, तर एवढं ऐका: दिव्यांना भुलू नका, आधी आपला हात पुढं करा.

हल्ली दुपारी आण्णांची शिकवणी असते. त्यांच्या पंजाखाली मी दिसतसुद्धा नाही. बैलाचा कासरा धरावा तसं ते मला आवळतात.

"हलक्या हातानं, आण्णा."

"हलकाच धरलाय की!"

मग दीपमाला आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवते आणि आम्ही तिघं मिळून चालतो. आज पडद्यावर एक भला मोठा, वाकडा 'आ' उमटलाय. "ण्णा लई अवघड," आण्णा म्हणाले, "त्यो उद्या." माझी तयारी आहे. सेल तेवढा नवा घाला.