पाठमोरी फुलं

भरतकाम करणाऱ्या बायका कापड हातात आलं की आधी उलटं करून बघतात. मावशीची तर ती खोडच होती. पण फूल उलटं करून बघायला ती डोंगर चढेल, असं कुणाला वाटलं असतं?

कारण होतं भाचीची शाल. मावशीच्या ताईनं, म्हणजे भाचीच्या आईनं, ती आजारपणात लेकीसाठी भरायला घेतली होती. तरुणपणी डोंगरावरच्या कुरणात पाहिलेली पांढरी फुलं, काही समोरून, काही पाठमोरी. समोरची पुरी झाली. पहिलंच पाठमोरं फूल तिनं चक्क जांभळं भरलं, आणि गेलीच. "शेवटी ताईला रंगसुद्धा कळेनासे झाले गं," म्हणत मावशीनं रडतरडत ते उसवलं.

भाचीला ते जिव्हारी लागलं. त्याच दिवसांत आई तिला म्हणाली होती, "माझा तुझ्यावर कसलाही राग नाही." मग तेही भ्रमातच का?

शाल पुरी करायची, तर एकाही फोटोत फुलाची पाठ दिसेना. शेवटी दोघी निघाल्या.

वर झाडं संपली आणि मावशी "अगंबाई!" करून उभीच राहिली. पिवळी, निळी, गुलाबी, काय विचारता! ती प्रत्येकापाशी थबकायची. "ह्याची पानं बघ कशी लोकरी! थंडी वाजते की काय ह्याला?"

"मावशी, चल ना गं!" भाचीचा जीव टांगणीला लागला होता.

पांढरी फुलं सापडली, पण वाटेच्या दोरीपलीकडे. तोडायला बंदी, पाऊल टाकायला बंदी, आणि सगळी आकाशाकडे तोंड करून बसलेली. मावशीनं पर्समधला आरसा काढला, सरळ वाटेवर पालथी पडली आणि हात लांबवून आरसा फुलाखाली धरला. मागची माणसं हसली. हसोत बापडी.

"काय दिसतंय?"

मावशीनं तिला हातानंच खाली ओढलं. भाचीही शेजारी पालथी पडली. आरशात पाकळ्यांची पाठ होती. जांभळी, देठाकडे गर्द.

"आई शुद्धीत होती," भाची म्हणाली.

"पूर्ण शुद्धीत. खुळी मीच."

"मग राग नाही म्हणाली, ते..."

"तेही खरंच गं, बाई."

मावशीनं पिशवीतली शाल काढली, सुयांची डबी उघडली. ताईच्या हातचा म्हणून तो उसवलेला धागा तिनं टाकला नव्हता.

"सुई तू ओव," ती म्हणाली. "मला आत्ता काही दिसत नाहीये."