वेणू पाणी पीत नाही

वेणूनं पाण्याचा गडू पुन्हा दूर सारला, तशी कोकिळा भडकलीच.

"पी ना वं! ठेच्यानं नाक गळून राह्यलं अन् पाणी नाही म्हणते!"

"मले तहान नाही."

सात वर्षांची पोर. सकाळी साडेसातला शाळा, साडेअकराला सुटली की थेट महिला मंडळाच्या बालविहारात, ते माय कापसाच्या जिनिंगातून येईस्तोवर, म्हणजे पाच वाजेपर्यंत. सकाळी घोटभर पाणी घेत नाही, आणि संध्याकाळी घरी आली की उभ्या उभ्या तीन गडू रिचवते. चार दिवसांपासून लघवीला जळजळ होते म्हणून रडत होती. मायनं, म्हणजे रुखमाबाईनं, धन्याचं पाणी पाजलं, मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कोकिळाला काही ती नजर पटेना. ती नववीत होती, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आली होती, आणि तेव्हापासून जगातली कोणतीही गोष्ट विचारल्याशिवाय सोडायची नाही असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

तिनं वेणूला मांडीवर ओढलं. मूठभर बोरं कबूल केली. तेव्हा कुठं वेणू तिच्या कानात पुटपुटली, "पाणी पेलं का मुताले लागते. मुताले उठलं का डोये उघडा लागते. डोये उघडले का बाई मारते."

"कोणती बाई?"

"अन्नपूर्णाबाई."

"अन् उठलंच नाही तर?"

वेणूनं मान खाली घातली. "सखी नव्हती उठली. मंग तिले ओल्या चड्डीवर दारात उभं केलं. सारे पोट्टे हासले."

कोकिळाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शनिवारी तिची शाळा सकाळची. सुटल्याबरोबर ती चिखलीच्या बाजारामागच्या त्या बालविहारात गेली. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी मंडळानं मोठ्या थाटात हे काम काढलं होतं: सनई, फेटे, फोटो, सगळं. भिंतीवर तेव्हाचं वेळापत्रक निळ्या रंगात अजून झळकत होतं. बारा ते एक गोष्टी, एक ते दोन गाणी, दोन ते तीन विश्रांती, पुढे खेळ.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि टाटपट्टीवर बेचाळीस लेकरं उताणी पडली होती. हात सरळ, डोळे मिटलेले. एका पोराच्या ओठावर माशी बसली होती, पण त्याची माशी उडवायची प्राज्ञा नव्हती. आवाज फक्त शिवणयंत्राचा. मधेच एका पोरीनं कूस बदलली, तशी अन्नपूर्णाबाईंनी यंत्रावरची लाकडी पट्टी उचलून टेबलावर दोनदा आपटली. "झोपा!"

"बाई, आता गाण्याचा तास आहे," कोकिळा दारातूनच म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कोण गं?"

"वेणूची बहीण."

"मग ऐक. बेचाळीस मुलं आहेत आणि मी एकटी. मदतनीस देतो, देतो म्हणून मंडळानं दोन वर्षं नुसतं झुलवलं. मागे विहीर आहे. एखादं पडलं तर तू येणार आहेस का काढायला? निजली की सुरक्षित असतात."

क्षणभर कोकिळाला वाटलं, खरंच की, एक बाई किती जणांना पुरणार? पण तेवढ्यात तिची नजर यंत्राशेजारी गेली. संक्रांतीसाठी शिवलेले गिऱ्हाइकांचे झंपर तिथं कमरेइतके रचले होते. एकटीला लेकरं जमत नव्हती; झंपर मात्र बरोबर जमत होते!

"निजली कुठं बाई? पापण्या पाहा त्यांच्या. थरथरून राह्यल्या."

"फार शहाणी आहेस. मग ने तुझी बहीण घरी आणि तूच सांभाळ. नाव काढून टाकते मी."

संध्याकाळी हे सगळं ऐकून रुखमाबाई केसांतला कापूस वेचता वेचता थांबली. पण चिडली ती कोकिळावरच.

"तुले कोनं धाडलं होतं तठी? तुहा बाप वर्षभर देऊळगाव राजाले सालदार, तो येते पोळ्याले. वेणूचं नाव काटलं तर तिले कोण पाहीन? मी जीन सोडू, का तू शाळा सोडतं?"

कोकिळानं मायच्या केसांतला कापसाचा एक पुंजका वेचला.

"पण माय, ते चूक हाय ना?"

"चूक हाय. मले दिसत नाही का? पण आपल्यासारख्याईनं चूक म्हटलं का आपलंच घर उन्हात येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले येजो, तिळगूळ घेजो, अन् तोंड बंद ठेवजो."

हळदीकुंकू बालविहाराच्या ओसरीवरच होतं. लेकरं न्हाऊन-माखून रांगेत बसलेली, समोर मंडळाच्या बायका, मागे जिनिंगातल्या आया. अध्यक्षा गीताबाई, वकिलांच्या सौभाग्यवती, बोलायला उठल्या. "आमची ही चिमणी पाखरं इथं दिवसभर गाणी, गोष्टी आणि खेळांत रमलेली असतात..."

रमलेली! शाळेचा बाक, वह्या, दोन वर्षांनंतरची मॅट्रिक, सगळं एकदम कोकिळाच्या डोळ्यांपुढून सरकलं. मग तिला धन्याचं पाणी पिताना रडणारी वेणू दिसली, आणि ती उभी राहिली.

"बाई, लेकरांना एखादं गाणं म्हणायला सांगा ना. कोणतंही चालेल."

गीताबाई कौतुकानं हसल्या. "हो हो! म्हणा बाळांनो."

बाळं एकमेकांची तोंडं पाहू लागली. एकालाही एक ओळ येईना.

"लाजतात," अन्नपूर्णाबाई घाईनं म्हणाल्या.

"मग त्यांना येतं तेच दाखवू द्या," असं म्हणून कोकिळानं टेबलावरची पट्टी उचलली आणि दोनदा आपटली. "झोपा!"

बेचाळीस लेकरं नव्या कपड्यांनिशी धाडकन आडवी झाली. हात सरळ. डोळे बंद. कुणाच्या मुठीत तिळगूळ तसाच, कुणाचं डोकं थेट हळदीकुंकवाच्या ताटाला टेकलेलं. मागं एक बाई फस्सकन हसली. मग तिला आपला पोरगाही त्यात दिसला आणि तिचं हसू आटलं.

"अशी किती वेळ पडतात ही?" गीताबाईंनी हळूच विचारलं.

"पाच वाजेपर्यंत," कोकिळा म्हणाली. "लघवीलासुद्धा उठायचं नाही."

"मी मदतनीस मागितली होती!" अन्नपूर्णाबाई ओरडल्या. "चार अर्ज दिले मंडळाला!"

आता मात्र गीताबाईंनी पदर सारखा केला. "हा विषय आपण पुढच्या बैठकीत घेऊ. आज सणाचा दिवस आहे."

"बैठक कवा हाय, बाई?"

आवाज मागून आला होता. रुखमाबाई उभी होती.

"महाशिवरात्रीनंतर."

"मंग शिवरातीलोक लेकरानं मुतू नाही का?"

कुणी पदर तोंडाला लावला, कुणी जीभ चावली. रुखमाबाई मात्र सरळ बायकांमधून पुढे आली आणि वेणूशेजारी बसली. "ऊठ वं माय. डोये उघड." तिचं पाहून एकेक आई उठली आणि आपापलं लेकरू उचलू लागली. मंडळाच्या बायका तिळगुळाच्या वाट्या हातात धरून नुसत्या पाहत राहिल्या.

सोमवारी हजेरीत वेणूच्या नावावर लाल रेघ होती. बाकीची एकेचाळीस नावं शाबूत होती.

दुपारी बारा वाजता नववीच्या वर्गात भाऊराव सर भूगोल शिकवत होते, तेव्हा दारात दप्तर छातीशी धरून वेणू येऊन उभी राहिली. बालविहाराच्या दारातूनच परत पाठवलेली, एकटीच रस्ता विचारत आलेली.

"ही कोण?" सरांनी विचारलं.

"माझी बहीण, सर." कोकिळा उठली. "बालविहारातून नाव कापलं तिचं. मी खरं बोलले म्हणून. आता हिला सांभाळायला मी घरी बसावं असं त्यांना वाटतं. मी बसणार नाही."

वर्गात खसखस पिकली. सरांनी खडू खाली ठेवला.

"किती दिवस आणणार आहेस हिला?"

"मंडळाची बैठक होईपर्यंत. बैठकीत काही झालं नाही, तर त्यानंतरही."

सरांनी एकवार वेणूकडं पाहिलं. मग म्हणाले, "मागच्या बाकावरून तिला फळा दिसणार नाही."

कोकिळानं आपलं दप्तर उचललं, वेणूचा हात धरला, आणि अख्खा वर्ग बघत असताना पहिल्या बाकावरच्या दोघींपुढं जाऊन उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.